बिनमिठाची भाकर

आक्का गेल्यापासून आमच्या चर्चची प्रभुभोजनाची भाकर मी भाजते, आणि दर महिन्याला कोणी ना कोणी बाई माझ्या तोंडावर म्हणतेच, की रिबका आक्काच्या हातची गोष्टच वेगळी होती. काय वेगळी होती? गव्हाचं पीठ तेच, विहिरीचं पाणी तेच, तवासुद्धा तोच. त्या भाकरीत मीठ नसतं, तेल नसतं, काहीच नसतं. ज्यात काही घालायचंच नाही त्यात हाताची चव कुठून येते, हे मला एकदा कोणीतरी समजावून सांगावं.

आता महिला मंडळाच्या पोरींनी आक्काबद्दल लिहायला सांगितलंय. बाकीच्या बायका चांगलंच लिहितील. त्यांना ती रविवारी दिसायची. मला रोज दिसायची. ती माझी थोरली जाऊ. आमच्या दोघींच्या घरांमध्ये एकच मातीची भिंत, आणि तीही आढ्यापर्यंत गेलेली नाही, वर हातभर उघडी. तिच्याकडे मिरची भाजली की इकडे आम्ही खोकायचो. इकडे भांडण झालं की तिकडे ती भांडी घासायचं थांबवायची. अशा भिंतीआड कोणी संत राहत नसतं.

उंच, वाळकी बाई. पाठ ताठ. डोक्यावरचा पदर सरकलेला मी कधी पाहिला नाही, शेतात वाकून काम करतानासुद्धा नाही, आणि माझा तर चालता चालता सुटायचा. प्रार्थना करताना ती डोळे उघडे ठेवायची, खाली जमिनीकडे बघत. पाळकसाहेबांनी एकदा विचारलं, तर म्हणाली, डोळे मिटले की आतलंच दिसायला लागतं, मंग प्रार्थना कुठली व्हती. तोंडातून वाकडा शब्द गेला की दोन बोटांनी स्वतःच्याच तोंडावर चापट मारायची. जोरात नाही, डास मारल्यासारखी. कधी कधी शब्द बाहेर आलेलाच नसायचा, तरी चापट बसायची. मग मी म्हणायची, आक्का, आत्ता मला काय म्हणालीस ते मोठ्यानं म्हण. ती नुसती हसायची.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी हमीदा खाला राहायची, वाटूरच्या बाजारात बांगड्या विकणारी. एकदा ती आक्काकडे पिठाची चाळणी मागायला आली. आक्काची चाळणी नवी होती आणि खाला वस्तू नेली की परत द्यायला विसरायची, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. आक्का म्हणाली, घरात न्हाई. खाला वळली. ती तिच्या दारापर्यंत पोचली नसेल तोच आक्का चाळणी हातात घेऊन तिच्यामागे पळत सुटली, आणि रस्त्यातच तिला सांगायला लागली की मी खोटं बोलले, मला माफ कर. खालानं चाळणी घेतली आणि म्हणाली, "रिबका बी, पहले ना बोलती, फिर पीछे भागती. पहलेच दे देती तो चप्पल तो बचती."

चाळणी खालानं परत दिली नाही. ते तर मी आधीच सांगितलं होतं.

भाकर भाजायचं काम आधी आमच्या सासूबाईंकडे होतं. आमचं चर्च लहान, पत्र्याचं, पंधरा-वीस घरांचं. पाळकसाहेब महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी, परतूरहून मोटारसायकलवर येतात आणि प्रभुभोजन देतात. एरवी थोमा काका शास्त्र वाचतात. आदल्या दिवशी, शनिवारी, भाकर भाजायची आणि काळे मनुके भिजवून, कुस्करून, धुतलेल्या फडक्यातून गाळून रस काढायचा. त्यासाठी तवा वेगळा. त्या तव्यावर दुसरं काही टाकायचं नाही. आणि भाजणारीनं त्या दिवशी कोणाशी वाकडं बोलायचं नाही, मनात कोणाबद्दल काही ठेवायचं नाही, असा सासूबाईंचा नेम. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांनी आम्हा दोघींना जवळ बोलावलं आणि तवा आक्काच्या हातात दिला. ती थोरली, म्हणून असेल. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू हिला सरपण आणून देत जा."

मी सरपण आणून दिलं. पण तो शनिवारचा नेम मला सोयीचा होता. आक्का त्या दिवशी उलटून बोलू शकायची नाही. म्हणून महिनाभराचं जे काही साठलेलं असायचं ते मी पहिल्या रविवारच्या आदल्या शनिवारी भिंतीवरून काढायची. तुझी कोंबडी माझ्या दाण्यात येते. तू ह्यांना कालवण पाठवतेस आणि मग हे माझ्या कालवणाला नाक मुरडतात. लग्नात तू माझ्या माहेरच्यांना पुढच्या रांगेत बसवलं नाहीस. पलीकडून पीठ मळण्याचा आवाज यायचा, थपक थपक, आणि मधूनच ती चापट. बास. सोमवारी मात्र ती सगळ्याचं उत्तर द्यायची, एकेक करून, काही न विसरता. बाई साधी नव्हती.

ह्यांचं, म्हणजे माझ्या मालकांचं नाव शिमोन. गवंडीकाम करायचे, चर्चमध्ये ढोलकी वाजवायचे, आणि दिवसभर कोणाची ना कोणाची थट्टा करायचे. संध्याकाळी कामावरून आले की लांबूनच हाक द्यायचे, मार्थे, आणि भिंतीकडे तोंड करून, वहिनी, आज काय शिजून राह्यलं? आक्का भिंतीवरून वाटी द्यायची. हे बोटं चाटून खायचे आणि म्हणायचे, शीक काहीतरी. ती वाटी घासून परत द्यायची मी.

थोरले दीर लवकर गेले. विहिरीच्या कामावर होते, वरून दगड आला. आक्काला एक मुलगी, एस्तेर, ती तेव्हा लहान. आक्का फार रडली नाही. पुढच्या पहिल्या रविवारी भाकर तिनंच भाजली. पण ताट फिरत तिच्याकडे आलं तेव्हा तिनं तुकडा मोडला नाही. ताट माझ्या हातात दिलं. मागून प्याला आला, तोही दिला. दुःखात आहे, असं सगळ्यांना वाटलं. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच.

आम्ही बायका डाव्या बाजूला सतरंजीवर बसायचो, एका घरच्या एका रांगेत, म्हणून ताट कायम आक्काच्या हातून माझ्याकडे यायचं. तिची पोरगी मोठी झाली, लग्न होऊन आष्टीला गेली, तिला मुलं झाली, तरी ताट तसंच. सगळ्यांसाठी भाकर भाजणारी बाई स्वतः उपाशी. तिनं थोमा काकांना तवा परत घ्यायला सांगितलं होतं. मी खात न्हाई तर भाजू कशी, म्हणाली. धाकटीला द्या. काका म्हणाले, धाकटीच्या हाताला ते जमायचं नाही, तूच भाज. मी तिथंच उभी होते. काकांना ते दिसत होतं.

प्रभूची भाकर खाऊ नये असं वाटावं एवढं हिनं काय केलं असेल, हा प्रश्न सगळ्यांनाच होता. पण लोक मजेशीर असतात. मी ताट पुढे सरकवलं असतं तर म्हणाले असते, हिनं काहीतरी केलंय. आक्कानं सरकवलं तर म्हणाले, केवढी पवित्र बाई, हिचं काहीतरी व्रत असणार. एका पाळकसाहेबांनी तर उपदेशात सांगितलं की आपल्यात एक बहीण अशी आहे जी स्वतःला पारखल्याशिवाय ताटाला हात लावत नाही. झालं. मंडळीतल्या दोन सुनांनी त्याच रविवारी ताट पुढे ढकललं. पुढच्या महिन्यात आणखी काहींनी. सगळ्या स्वतःला पारखायला लागल्या. ताट अर्धं भरलेलं परत गेलं आणि पाळकसाहेबांचा चेहरा उतरला.

मग आक्का उठली. चर्चमध्ये बाई मधूनच उठत नाही, पण ती उठली आणि म्हणाली, "मी चांगली हाये म्हणून खात न्हाई असं न्हाई. माझ्या आत घाण हाये म्हणून खात न्हाई. तुम्ही कामून उपाशी राहून राह्यल्या? खा गुपचूप."

सुनांनी खाल्लं. पण घरी जाताना मी काय ऐकलं? केवढी नम्र बाई, असं ऐकलं. खरं सांगितलं तरी तिचंच नाव झालं. मी उठून म्हटलं असतं की माझ्या आत घाण आहे, तर सगळे म्हणाले असते, माहीत आहे.

तिच्या आत काय आहे ते मला एका कापसाच्या शेतात कळलं. आम्ही दोघी खुरपायला जायचो. शेजारी शेजारी ओळींची पात धरायचो. मी भरभर पुढे जायची, कारण मी हरळी वरच्या वर कापायची. आक्का बसकण मारून खुरप्याचं टोक जमिनीत घालायची आणि मुळी निघेपर्यंत खणायची. हरळीची मुळी कुठवर जाते ते शेतकऱ्याला विचारा. मुकादम तिला ओरडायचा, बाई, विहीर खणून राह्यली का, जल्दी कर. तरी तिचं तेच. पंधरवड्यात पाऊस झाला आणि दोघींच्या पातीत हरळी सारखीच उगवली. मी तिला बोट करून दाखवलं. बघ, बराबर तेवढीच.

"दिसून राह्यली मला," ती म्हणाली.

"मंग कशाला मरतेस?"

"ती येणार म्हणून मी उपटायची सोडू का?"

मला तेव्हा एकदम राग आला. इतकी वर्षं सगळं गाव हिच्या पापाभोवती फिरतंय. मी म्हटलं, आक्का, एकदा सांगून टाक, असं केलंस तरी काय. चोरी केली का, कोणाचा संसार मोडला? ती बराच वेळ खणत राहिली. मग म्हणाली, "तुझा हेवा वाटतो."

मी हसले. खरंच हसले. माझा? माझ्याकडे काय आहे? हिच्याकडे तवा, हिच्याकडे नाव, हिच्या हाताला चव, हिचा पदर जागेवर. मी विचारलं, कशाचा?

"संध्याकाळी शिमोन येतो, तुला हाक मारतो. त्या हाकेचा. माझा मालक गेल्यापासून ती हाक ऐकली की माझ्या पोटात आग पडती. शनिवारी मळायला बसते, ठरवते की आता हे काढून टाकायचं. तेवढ्यात तो येतो. मंग मी काय तोंड घेऊन ती भाकर खाऊ?"

"त्या हाकेच्या पुढं काय असतं ते ऐकलंस का कधी? माझा टावेल कुठं हाय, असं असतं."

"तेच तर," ती म्हणाली.

एवढ्याशा गोष्टीसाठी? मी तिला म्हटलं, तो माणूस एवढा आवडत असेल तर पिशवीत घालून देते, धुवून घे. तिनं दोन बोटांनी तोंडावर मारून घेतलं. माझ्या बोलण्यावर, की तिच्या मनात काही आलं त्यावर, ते मला कळलं नाही.

ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. पण घरी येताना माझी चाल बदलली होती. जिचं सगळे कौतुक करतात ती बाई माझा हेवा करते. त्या दिवसापासून ह्यांनी हाक दिली की मी जरा मोठ्यानं ओ द्यायला लागले. ह्यांच्या थट्टेवर जरा जास्त हसायला लागले, भिंतीजवळ उभी राहून. पलीकडे भांडी घासायचा आवाज थांबायचा.

तिचा झगडा रोजचा होता, हे मात्र मी पाहिलं. इतर बायका हेवा करतात आणि झोपतात. मी तरी झोपायची. ही बाई त्याच्याशी भांडायची. ज्या दिवशी आग जास्त पडायची त्या दिवशी वाटी जास्त भरून यायची, हे मला पुढे कळायला लागलं. वाटीत कालवण काठोकाठ असलं की समजायचं, आज आक्का आत हरलीय. ह्यांना वाटायचं वहिनीची माया. हे आजारी पडले, छातीचं दुखणं, तेव्हा तर दोन्ही वेळा वाटी. मी चिडून म्हणायची, मी मेले का?

सोयाबीन काढणीच्या दिवसांत हे गेले. सगळ्यांच्या आधी आक्का आली. मला धरून बसली. माझ्या घरात चूल पेटली नाही तेव्हा तिच्या घरातून जेवण आलं, आणि ज्या बायका नुसत्या बघायला आल्या होत्या त्यांना तिनं दारातूनच वाटेला लावलं. चांगलं वागली. ते चांगलंच होतं, त्यात माझं काही म्हणणं नाही.

मग मला वाटलं, आता तिला भाकर खायला काय हरकत आहे? ज्या हाकेचा हेवा होता ती हाकच बंद झाली. मी पहिल्या रविवारी ताटाकडे नाही, तिच्या हाताकडे बघत बसले. ताट आलं. तिनं ते माझ्याकडे सरकवलं, आधीपेक्षा घाईनं, भाजल्यासारखं. आणि त्यानंतर ती वाळत गेली. भिंतीवरून बोलणं कमी झालं. वाटी बंद झाली. मला एकटीला ती कशाला पाठवेल, असं मनात आलं आणि मला ते लागलं.

पुढच्या उन्हाळ्यात ती मोरीत घसरली आणि उजवं मनगट मोडलं. परतूरला नेऊन प्लास्टर घातलं. एस्तेर आष्टीहून फोनवर म्हणाली, सोमवारी जीप घेऊन येते, आईला हात बरा होईपर्यंत इकडे आणते. ते दिवस नेमके पहिल्या रविवारच्या आधीचे. शनिवारी दुपारी आक्का माझ्या दारात आली. भिंतीवरून नाही बोलली, दारात आली, डाव्या हातात तवा. आत ये म्हटलं तर आली नाही. उंबऱ्याशी बसली.

"उद्या पाळकसाहेब येऊन राह्यले. भाकर तुला भाजावी लागंल."

एवढी वर्षं ज्याच्यावर डोळा ठेवला तो तवा माझ्या दारात आला, आणि तोही प्लास्टरमुळे. मी म्हटलं, ठेव तिथं. पण आधी मला सांग, तू खाणार का? ह्यांना जाऊन इतके महिने झाले. आता कशाचा हेवा?

ती प्लास्टरवरून बोट फिरवत बसली. तिला बोलायला जड जात होतं हे दिसत होतं. मी काही सोपं केलं नाही. ती म्हणाली, "मार्थे, शिमोन गेला तेव्हा, तू पहिल्यांदा रडलीस ना, तेव्हा मला बरं वाटलं."

मला नीट कळलं नाही. 

"बरं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. वाटलं, आता आपण दोघी बराबर झालो. तुला धरून बसले व्हते आणि आत ते व्हतं. नंतर काढायला गेले, न्हाई निघालं. मी तुला जेवण देऊन राह्यले व्हते आणि ते आतच व्हतं." मग म्हणाली, "तुला सांगितल्याबिगर मला मरता येणार न्हाई, म्हणून सांगून राह्यले. माफ कर असं म्हणायला तोंड न्हाई."

खरं लिहायचं तर मला आधी राग आला नाही. आधी बरं वाटलं. गावाची पवित्र आक्का, आणि आत एवढं काळं. कोणाला सांगितलं असतं तर चर्चची सतरंजी हादरली असती. मग राग आला. माझा माणूस घरात झाकून ठेवलेला आणि हिला बरं वाटलं.  पण त्या दिवशी शनिवार होता, आणि भाकर भाजणारी मी होते. हे तिच्याही लक्षात आलं असावं. नेम नेमका उलटला होता. आता तिला बोलायची मुभा आणि मला तोंड बंद.

मी उंबऱ्यातला तवा उचलला आणि म्हटलं, "पीठ चाळलेलं हाय का?"

"हाय. आणू?"

"एका हातानं काय आणतेस. बस."

पीठ मी आणलं. परातीत घेतलं, पाणी घातलं आणि मळायला लागले. असं मळलं की परात सरकत होती. आक्का उंबऱ्याशी बसून बघत होती. मी भिंतीजवळ उभी राहून मुद्दाम हसायची, हे मला तेव्हा आठवत होतं. ते मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं लगेच माफ केलं असतं, आणि तेसुद्धा तिलाच शोभून दिसलं असतं. ती उठून गेली. मी भाकर भाजली. एक कड जरा करपली.

दुसऱ्या दिवशी चर्च भरलेलं होतं. आक्का नेहमीच्या जागी, मी तिच्या शेजारी.  पाळकसाहेबांनी भाकर मोडली, ताट निघालं. पुरुषांकडून बायकांकडे आलं. मी बघत होते, पहिल्या रांगेतल्या बाया चावताना एकमेकींकडे बघत होत्या. मला वाटलं, करपलेली कड लागली असेल.

ताट आमच्या रांगेत आलं. आक्काचा उजवा हात गळ्यात अडकवलेला, म्हणून तिच्या पलीकडे बसलेल्या दुसऱ्या घरच्या सुनेनं हात लांबवून ताट सरळ माझ्याकडे दिलं. तिलाही सवय झालेली, की आक्काला विचारायचं नसतं. ताट माझ्या हातात. मी माझा तुकडा घेऊन पुढे देऊ शकत होते. माझ्या पलीकडची पोरगी हात पुढे करून बसली होती.

मी ताट आक्कासमोर धरलं.

तिनं मान हलवली, नको म्हणून. मी ताट काढलं नाही. रांग थांबली. मागे कोणीतरी खाकरलं. पाळकसाहेब ओट्यावरून बघायला लागले. आक्का खाली जमिनीकडे बघत होती, डोळे उघडे, प्रार्थनेत बघायची तशी. मी हळूच म्हटलं, "खा. मी मळलीय. नावं ठेवायची असतील तर खाऊन ठेव."

तिनं माझ्याकडे पाहिलं. डावा हात थोडा उचलला आणि परत खाली घेतला. डाव्या हातानं ती भाकर कशी घ्यायची. मी तुकडा मोडला. तिनं तोंड उघडलं, लहान पोरानं उघडावं तसं, आणि मी घास घातला.

ती चावत होती. चावता चावता थांबली. मग माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "मार्थे, मीठ पडलंय."

मी माझा तुकडा तोंडात घातला. पडलं होतं. चांगलं मुठीएवढं पडलं होतं. रागात मळताना हात आपोआप रोजच्यासारखा मिठाच्या डब्यात गेला असणार. सगळ्या मंडळीनं ते खारट गुपचूप गिळलं होतं. आक्काचे खांदे हलायला लागले. सगळ्यांना वाटलं रडतेय. ती रडत होतीही, पण आधी हसत होती, ते फक्त मला माहीत आहे. प्याला आला. तोही मी धरला, ती प्यायली.

मग सगळं चर्च रडलं. बायका, पुरुष, थोमा काका, सगळे. इतक्या वर्षांनी आक्कानं भाकर खाल्ली. उपासना सुटल्यावर सगळ्या तिच्याभोवती, तिचा हात धरायला, तिच्या पाया पडायला. माझ्याकडे फक्त थोमा काका आले. म्हणाले, धाकटे, मीठ घालत नसतात.

तिला मी माफ केलं का? असं मी म्हटलं नाही, आणि तिनंही विचारलं नाही. घरी येताना ती माझ्या खांद्यावर हात ठेवून चालली, कारण दुसरा हात गळ्यात होता आणि रस्ता खडबडीत आहे.

सोमवारी एस्तेर जीप घेऊन आली. आक्काचं गाठोडं लहानच होतं. मी परत नेऊन दिलेला तवा तिनं पुन्हा माझ्या चुलीशी आणून ठेवला. जीपमध्ये पुढे बसली. मी खिडकीपाशी उभी होते. तिनं पदराची गाठ दातांनी सोडली. आत कालच्या भाकरीचा उरलेला तुकडा. पाळकसाहेबांकडून मागून घेतला होता म्हणे. एकदा उपास सुटला तर बाईला धीर निघेना. डाव्या हातानंच मोडून खायला लागली.

मी म्हटलं, "खारट हाय ते, टाकून दे. बीपी वाढंल."

"वाढू दे," ती म्हणाली.

ती परत आली नाही. आष्टीलाच वारली, पावसाळ्याच्या तोंडाशी. मातीला मी गेले होते, पण ते शेवटचं बघणं मी धरत नाही. मी धरते ते जीपमधलं. मी आयुष्यभर दर महिन्याला तो घास खाल्ला, गिळला आणि घरी जाऊन भाजी फोडणीला टाकली. मला तो कधी तसा लागला नाही. आजही ताट माझ्याकडे येतं, भाकर माझी, मीठ नसलेली, बरोबर भाजलेली. मी चावते आणि वाट बघते. काही होत नाही. मग ती डोळ्यांपुढे येते. जीप वाटूर फाट्याकडे वळत होती, तरी तिचं तोंड हलतच होतं.